नाव कॅफीनचं, राबतंय दुसरंच कुणी

कॉफी म्हटली की कॅफीन छाती काढून पुढे येतं. मान मोठाच आहे त्याचा! 1819 मध्ये रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं ते पहिल्यांदा वेगळं केलं आणि त्यासाठी बिया हातावर ठेवल्या खुद्द कवी ग्योथेनं. पण कॉफी मूत्रपिंडांना आणि रक्तवाहिन्यांना मानवते असं म्हणतात, त्या गोष्टीतला पडद्यामागचा कामगार बहुधा कॉफीतलंच क्लोरोजेनिक आम्ल. रोबस्टा जातीच्या कॉफीत ते अरेबिका जातीपेक्षा जास्त असतं आणि बी जितकी काळीकुट्ट भाजाल तितकं ते घटतं. म्हणजे कडक भाजणीचे शौकीन इथे तोट्यात!

रक्तवाहिनीचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि वाहिनी सैलावते. (1998 चं वैद्यकाचं नोबेल याच वायूला.) हे आम्ल त्या कामाला हातभार लावतं, असं छोट्या प्रयोगांत दिसलंय. पोटात गेलेल्या आम्लाचा मोठा भाग मात्र आधी मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या तावडीत सापडतो. ते त्याचे तुकडे करतात, मग हे तुकडे रक्तात उतरतात.

आता मूत्रपिंडं. दिवसाला साधारण 180 लिटर द्रव गाळणारी ही जोडी. अमेरिकेत 14,207 प्रौढांवर सुमारे 24 वर्षं नजर ठेवली गेली. 2022 मध्ये निष्कर्ष आला: कॉफी पिणाऱ्यांत मूत्रपिंडाला अचानक इजा होण्याचा धोका 15 टक्क्यांनी कमी, दोन-तीन कप पिणाऱ्यांत 22-23 टक्क्यांनी. ही निव्वळ निरीक्षणं, पुरावा नव्हे. कॉफी पिणारे इतर बाबतींतही वेगळे असू शकतात.

याच कपात एक खलनायकही आहे. कॅफेस्टॉल हा तेलकट पदार्थ वाईट कोलेस्टेरॉल वाढवतो. 1983 मध्ये नॉर्वेतल्या ट्रोम्सोच्या संशोधकांनी कॉफी आणि कोलेस्टेरॉलचं नातं दाखवलं, तेव्हा तिथे कॉफी उकळून, न गाळता प्यायची रीत होती. उपाय मात्र 1908 पासूनच तयार होता! ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ यांनी गाळ नको म्हणून मुलाच्या वहीतला टिपकागद भांड्यात बसवला. कागदी गाळणी कॅफेस्टॉल जवळजवळ सगळं अडवते. दक्षिणेतल्या पितळी फिल्टरला ते जमत नाही. इन्स्टंट कॉफीत कॅफेस्टॉल नावापुरतंच.

एक सूचना: कॉफीत पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा आजार आधीच असेल, तर किती कप हे डॉक्टरांना विचारून ठरवा.