मागावरून चुलीकडे

ज्या राजवाड्यात राजे रघुजीराव भोसल्यांच्या आश्रयाला राहून सुफी संत ताजुद्दीन बाबांनी १७ ऑगस्ट १९२५ रोजी देह ठेवला, त्या नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या राजवाड्यावर लिहावे, असा संपादकांचा हुकूम होता; परंतु महाल या वस्तीकडून नाग नदी ओलांडताना, तिच्या पाण्याला आज जडलेली दुर्गंधी सोसत असतानाच, पलीकडून भाजल्या दगडफुलाचा असा दरवळ आला की राजवाडा राहिला बाजूला आणि मी एका सावजी भोजनालयाच्या बाकावर जाऊन बसलो.

सावजी जेवणाचा इतिहास थोडका आहे. हलबा कोष्टी हे नागपूरचे पिढीजात विणकर. १८७७ साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, गिरणीच्या स्वस्त कापडापुढे हातमागाची मिळकत आटत गेली, आणि कांड्या भरणाऱ्या बायकांच्या हातचे घरगुती कालवण हळूहळू ओसरीवरच्या पंगतीत विकले जाऊ लागले. मागाला मागे सारणारी ती गिरणीही आज उरलेली नाही; रस्सा मात्र आहे.

हा रस्सा काळा असतो; तो तसा का, हे मला चुलीपाशी बसलेल्या प्रौढ बाईंनी दाखविले. धने, मिरे, लवंग, मसाला वेलची, शहाजिरे, खसखस, एकेक जिन्नस निराळा भाजायचा. सुके खोबरे करपण्याच्या अगदी सीमेपर्यंत न्यायचे आणि तिथेच तवा उतरवायचा. माझ्या हिशेबी ते करपलेच होते. ‘‘थांबा ना भाऊ, आत्ता कुठं वास सुटून राहिला,’’ त्या म्हणाल्या, आणि पुढल्याच क्षणी तवा खाली आला. रश्श्याला दाटपणा भाजल्या ज्वारीच्या पिठाचा. त्यांचे माप डोळ्यांत होते. कागदावर काहीच नव्हते.

हीच मोठी पंचाईत. मूळचे जवसाचे तेल जाऊन सोयाबीनचे आले, पाट्यावरवंट्याची जागा मिक्सरने घेतली; ते एक वेळ चालेल. पण ‘सावजी’ ही पाटी आता मुंबई-पुण्याच्या हमरस्त्यांवरही लटकते, आणि तिच्याखाली तिखटजाळ लाल पाण्यालाच त्या नावाची सनद मिळते. तेच खाऊन आलेले गिऱ्हाईक इथे येऊन रस्सा फिका असल्याची तक्रार गुदरते. मालकांनी त्यावर तोड काढली आहे: मिरचीची लाल तर्री निराळ्या पातेल्यात तयार असते, मागेल त्याला वरून एक पळी. बाई त्या पातेल्याला हात लावीत नाहीत. ते काम वाढप्याकडे आहे.