इथे ससा झोपलाच नाही!

ससा म्हटलं की आपल्याला काय आठवतं? कापसाचा मऊ गोळा आणि शर्यतीत झोपून हरलेला तो बिचारा. ऑस्ट्रेलियातल्या शेतकऱ्यासमोर मात्र सशाचं कौतुक चुकूनही करू नका. तिथे दीडशेहून जास्त वर्षं माणूस विरुद्ध ससा अशी मॅच सुरू आहे.

सुरुवात झाली हौसेतून. १८५९च्या ख्रिसमसला व्हिक्टोरियातले जमीनदार थॉमस ऑस्टिन यांच्याकडे इंग्लंडहून २४ ससे पोहोचले. कशासाठी? तर शिकारीची मजा म्हणून! सशाची मादी महिनाभरात पिल्लं देते आणि लगेच पुन्हा गाभण राहू शकते. पुढचं गणित तुम्हीच करा. काही दशकांत ससे खंडाच्या मोठ्या भागात पसरले. पिकं गेली, मेंढ्यांचं गवत गेलं. एका हेक्टरात एखादा ससा असला, तरी काही देशी झाडांची रोपं वर येत नाहीत. कोवळा शेंडा दिसला की फस्त!

कुंपण आणि विषाणू

पश्चिम ऑस्ट्रेलियाने १९०१ ते १९०७ या काळात १,८०० किलोमीटरहून लांब कुंपण घातलं. मुंबई-दिल्ली अंतरापेक्षाही लांब! पण काम पूर्ण होण्याआधीच ससे पलीकडे पोहोचले होते.

मग १९५० मध्ये मिक्सोमा हा विषाणू सोडला गेला. डासांनी तो सगळीकडे नेला आणि ससे कोट्यवधींच्या संख्येने मेले. त्याच सुमारास माणसांमध्ये मेंदूज्वराची साथ आली आणि लोक घाबरले. तेव्हा फ्रँक फेनर, मॅकफार्लेन बर्नेट आणि इयन क्लुनिस रॉस या तीन शास्त्रज्ञांनी तो विषाणू स्वतःलाच टोचून घेतला. त्यांना काहीही झालं नाही.

जिंकलो? छे! विषाणू सौम्य होत गेला, सशांची प्रतिकारशक्ती वाढली आणि ससे परतले. १९९५ मध्ये दुसऱ्या विषाणूची एका बेटावर चाचणी सुरू होती. तो तिथून निसटून मुख्य भूमीवर पोहोचला. ससे पुन्हा घटले, पण संपले नाहीत.

मग चालतं काय?

कंटाळवाणं काम! विषाणूने संख्या घटली की लगेच ट्रॅक्टरने बिळं उकरून मोडायची. बीळ शाबूत राहिलं, तर नवे ससे आयत्या घरात राहायला येतात. शेजाऱ्यांनीही त्याच वेळी हे करायला हवं, नाहीतर त्यांचे ससे तुमच्याकडे हजर! बागेसाठी बारीक भोकांची, साधारण तीन फूट उंच जाळी लावतात. ससा खालून उकरतो, म्हणून तिची खालची कड बाहेरच्या बाजूला वळवून मातीत पुरतात.

पण हे क्रूर नाही का?

आहे. मिक्सोमा झालेल्या सशाचे डोळे सुजून बंद होतात आणि तो अनेक दिवस तडफडून मरतो. हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. शिवाय १९५२ मध्ये एका फ्रेंच डॉक्टरने आपल्या इस्टेटीतले ससे घालवायला हाच विषाणू सोडला आणि तो युरोपभर पसरला. आज स्पेन-पोर्तुगाल या आपल्या मूळ घरातच हा ससा धोक्यात आहे. त्याच्यावर जगणाऱ्या तिथल्या लिंक्स या रानमांजराचीही उपासमार झाली. म्हणजे एकाच जिवाला एका देशात मारायचं आणि दुसऱ्या देशात वाचवायचं! दोष सशाचा नाही, त्याला नको तिथे नेणाऱ्याचा आहे.

आणि हो, आपल्या शिवारात दिसणारा ससा वेगळा बरं का! तो इथलाच आहे, बिळं खणत नाही आणि त्याची शिकार हा गुन्हा आहे. ऑस्ट्रेलियाची गोष्ट वाचून त्याच्यामागे लागू नका.

लहानपणी ऐकलेली शर्यत मला आता उलटी आठवते. प्रत्येक वेळी थोडा पुढे गेल्यावर, ‘आता जिंकलोच’ म्हणत झोपला तो माणूस. ससा मात्र पळतच राहिला.