मनाचा रकाना

आजारी माणसाच्या मनाचे, घराचे, कमाईचे आणि नात्यांचे काय होते आणि त्याचा त्याच्या बरे होण्यावर काय परिणाम होतो, हा परिचर्या संशोधनाचा एक मोठा विषय आहे. या सगळ्याला मिळून मनोसामाजिक स्वास्थ्य म्हणतात. डॉक्टर रुग्णाला तपासून पुढच्या खाटेकडे जातो. परिचारिका मात्र दिवसरात्र त्याच्याजवळ असते, आणि गावपातळीवरची परिचारिका तर त्याच्या ओट्यावर जाऊन बसते. झोप का लागत नाही, गोळ्या का टाकून दिल्या, नवऱ्याला आजार सांगितला की नाही, या गोष्टी आधी तिच्या कानावर येतात. कानावर आलेले हे सारे पद्धतशीर विचारून, मोजून, पडताळून मांडले की त्याचे संशोधन होते.

हा विचार जुना आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली लिहिलेल्या परिचर्येवरील पुस्तकात हवा आणि स्वच्छतेबरोबरच रुग्णाजवळच्या गोंगाटावर आणि त्याला दिल्या जाणाऱ्या पोकळ दिलाशावर स्वतंत्र प्रकरणे आहेत. १९५२ साली हिल्डगार्ड पेपलॉ यांनी परिचारिका आणि रुग्ण यांच्यातील नाते हाच उपचाराचा भाग असल्याचे मांडले. त्याच वर्षी अमेरिकेत केवळ परिचर्या संशोधनाला वाहिलेले नियतकालिक सुरू झाले. शरीर, मन आणि समाज यांचा आजारात एकत्र विचार करावा, असे जॉर्ज एंजल या डॉक्टरांनी १९७७ साली ठामपणे लिहिले. परिचारिकांचे काम त्याआधीपासून त्याच वाटेने चालले होते.

मन मोजायचे कसे, ही यातली अवघड बाब. त्यासाठी प्रश्नावल्या तयार झाल्या आहेत. बाळंतिणीसाठी १९८७ साली एडिंबरोमध्ये दहा प्रश्नांची मोजपट्टी बनली. गेल्या सात दिवसांत हसू आले का, उगाच धास्ती वाटली का, रडू आले का, असे साधे प्रश्न आणि ० ते ३० गुण. सर्वसाधारण उदासीनतेसाठी नऊ प्रश्नांची मोजपट्टी आहे, जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांचीही आहे, आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा करणाऱ्यावर किती भार पडतो हे मोजणारी बावीस प्रश्नांची आहे. आकड्यांनी भागत नाही तेव्हा दीर्घ मुलाखती घेतल्या जातात. चांगल्या अभ्यासात दोन्ही असतात. उदासीनता किती जणांत आहे ते आकडा सांगतो आणि ती कशामुळे आली ते मुलाखतीतून कळते.

हे संशोधन जिथे सर्वात जास्त लागते अशा ठिकाणांपैकी एक म्हणजे सुरगाणा. नाशिक जिल्ह्याच्या वायव्य टोकाला, गुजरातला लागून असलेला हा डोंगराळ तालुका. दहापैकी नऊहून अधिक माणसे आदिवासी: कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल. पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो, नार-पार नद्यांचे पाणी पश्चिमेला वाहून जाते आणि उन्हाळ्यात हंड्यासाठी वणवण होते. भात-नागलीची काढणी झाली की अनेक कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात. जिल्हा रुग्णालय सुमारे ९० किलोमीटरवर. २०२२ च्या अखेरीस सीमेवरच्या काही गावांनी आम्हाला गुजरातेत घ्या अशी मागणी केली. रस्ते, पाणी आणि दवाखाना यांची वानवा हेच तिचे कारण होते. अशा भागात बहुतेक पाड्यांसाठी आरोग्यसेवा म्हणजे उपकेंद्राची सिस्टर आणि गावची आशाताई.

सिस्टरच्या नोंदवहीत गरोदर बाईचे वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन यांना रकाने आहेत. मनासाठी सोय आहे ती आशाताई भरतात त्या तपासणी अर्जात: गेल्या पंधरवड्यात कामात रस वाटला नाही का, उदास वाटले का, असे दोन प्रश्न. पण तो अर्ज तिशी ओलांडलेल्यांसाठी. सुरगाण्यातली पहिलटकरीण बहुधा विशीच्या आसपासची असते. ज्या वयात बाईच्या मनावर सर्वात मोठा ताण येतो, नेमके ते वय या दोन प्रश्नांतून निसटते. ही त्रुटी गंभीर आहे.

गंभीर अशासाठी की आईच्या मनाचा संबंध थेट बाळाच्या वजनाशी आहे. गोव्यात म्हापशाच्या रुग्णालयात नाव नोंदवलेल्या २७० गरोदर स्त्रियांचा विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी पाठपुरावा केला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के माता उदासीनतेने ग्रासलेल्या होत्या. गरिबी, नवऱ्याशी बिनसलेले नाते आणि मुलगी झाल्याचे दडपण ही त्यामागची मोठी कारणे. पुढच्याच वर्षी त्यांनी दाखवून दिले की अशा मातांची बाळे सहाव्या महिन्यात वजनाने कमी भरण्याचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच जास्त असते. मन खचलेली आई बाळाला पाजायला, भरवायला, वेळेवर दवाखान्यात न्यायला पुरी पडत नाही. त्यात तिचा दोष नसतो.

आदिवासी भागातल्या कुपोषणावर सरकारने पुष्कळ योजना आणल्या. २०१५ पासूनच्या अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे पूर्ण जेवण मिळते. बाळाचे वजन होते, तीव्र कुपोषित मूल उपचार केंद्रात दाखल होते. वजनकाट्यावरच्या या बाळाची आई कशी आहे, हा प्रश्न मात्र क्वचित विचारला जातो. मूल केंद्रातून बरे होऊन घरी येते आणि काही आठवड्यांत पुन्हा वाळते. असे का होते याचे एक कारण आईच्या मनात सापडण्याची शक्यता मोठी आहे, आणि ते शोधणे पाड्यावर जाणाऱ्या परिचारिकेलाच शक्य आहे.

उपायही परिचारिकांच्या हातातले आहेत, याचा पुरावा आहे. एडिंबरोमध्ये घरोघर जाणाऱ्या परिचारिकांना समुपदेशनाचे थोडे प्रशिक्षण दिले गेले. त्यांनी उदास बाळंतिणींकडे आठवड्यातून एकदा, अशा आठ भेटी दिल्या. १९८९ च्या त्या अभ्यासात तीन महिन्यांनंतर भेटी मिळालेल्या २६ पैकी १८ जणी पूर्ण बऱ्या झाल्या होत्या. भेटी न मिळालेल्या २४ पैकी फक्त नऊ. अभ्यास लहान होता, पण दिशा स्पष्ट होती. पुढे पाकिस्तानात आपल्या आशाताईंसारख्या ग्रामीण आरोग्यसेविकांनी हेच काम मोठ्या प्रमाणावर केले. २००८ साली आलेल्या निष्कर्षांत सहा महिन्यांनी उदास राहिलेल्या मातांचे प्रमाण हा आधार मिळालेल्यांत २३ टक्के, तर न मिळालेल्यांत ५३ टक्के दिसले. कुठलेही महागडे औषध नव्हते. नेमाने येणारी, ऐकून घेणारी, घरच्यांनाही सामील करून घेणारी एक बाई होती.

क्षयरोग्याचे दुखणे वेगळे. औषध फुकट मिळते, पोषणासाठी दरमहा पैसेही मिळतात. तरी गोळ्या मध्येच सुटतात. शेजाऱ्यांना कळेल, मुकादम कामावर घेणार नाही, सुनेला माहेरी धाडतील, ही भीती गोळीपेक्षा जड होते. पेरूमधील लिमा शहरात औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाच्या रुग्णांना परिचारिकांनी दिलेल्या भावनिक आधाराचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. कलंक, औषधांचा त्रास, मरणाची भीती आणि पैशाची चणचण अशा गोष्टींवर परिचारिकांना बोलावे लागत होते. द्राक्षबागेत मुक्कामाला असलेल्या सुरगाण्याच्या मजुराला यांतली एकही परकी नाही.

आदिवासी पट्ट्यातला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार जन्मभराचा सोबती. थंडी, कमी पाणी, अतिश्रम यांनी वेदनेचा झटका येतो आणि मूल शाळेत दिवसेंदिवस गैरहजर राहते. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या मुलाच्या वेदनेवर कोणी विश्वास ठेवत नाही, हे त्याचे मोठे दुःख. पुढे लग्नाचा प्रश्न येतो, कारण नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर त्यांच्या पोटी प्रत्येक खेपेला आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक असते. २०२३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत रक्ततपासणीवर भर आहे. चाचणीचा निकाल हातात पडल्यावर त्या मुलीच्या आणि तिच्या आईच्या मनाचे काय होते, याकडेही तितकेच लक्ष हवे. पक्षाघात झालेल्या म्हाताऱ्यांचेही तसेच. त्यांची सेवा करणाऱ्या सुनेचा भार कोणत्याच कागदावर येत नाही.

सुरगाण्यात असा अभ्यास करताना काही पथ्ये पाळावी लागतील. नाशिक-पुण्याच्या मराठीत लिहिलेले प्रश्न पाड्यावर चालत नाहीत. ते तिथल्या बोलीत आणून, आधी काही जणींना विचारून पाहून, मगच वापरावे लागतात. एका खोलीच्या घरात सासूसमोर सून खरे बोलणार नाही. म्हणून पाणवठ्याची वाट किंवा अंगणवाडीची वेळ साधावी लागते. ऋतूही पाहावा लागतो: मजूर बाहेर गेलेल्या महिन्यांत पाहणी केली तर म्हातारी माणसे आणि मुलेच भेटतील, आणि तालुक्याचे चित्र चुकीचे येईल. बरेच जण आधी भगताकडे जातात. त्याला टाळून केलेली पाहणी अर्धीच राहते.

सर्वात महत्त्वाचे पथ्य मदतीचे. एडिंबरो मोजपट्टीचा दहावा प्रश्न जिवाचे बरेवाईट करावेसे वाटते का, हा आहे. त्याचे उत्तर ‘हो’ आले तर त्याच दिवशी आधार मिळण्याची व्यवस्था हवी. टेलि-मानसची १४४१६ ही मदतवाहिनी २०२२ पासून आहे, पण डोंगरात मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही. व्यवस्थेशिवाय असा प्रश्न विचारणे क्रूरपणाचे आहे. व्यवस्था उभी राहू शकते, हे अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांनी दाखवले. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर तिथे राबवलेल्या ‘विश्राम’ कार्यक्रमात गावातलेच प्रशिक्षित कार्यकर्ते, समुपदेशक आणि डॉक्टर यांची साखळी जोडली गेली. उदासीनतेसाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले.

परिचारिकेच्या स्वतःच्या मनाचाही अभ्यास व्हायला हवा. लिंडा एकेन यांच्या २००२ च्या अमेरिकेतील अभ्यासात एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की तिच्या थकून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी आणि शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या मृत्यूची शक्यता सात टक्क्यांनी वाढलेली दिसली. उपकेंद्रात एकटी राहून, भर पावसात ओढे ओलांडून पाड्यांवर जाणाऱ्या सिस्टरचा थकवा हा तिच्यापुरता प्रश्न नाही.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली नाशिकला स्थापन झाले. परिचर्येच्या पदव्युत्तर विद्यार्थिनींना त्यात प्रबंध लिहावाच लागतो, आणि सामुदायिक आरोग्य, मानसोपचार, प्रसूती व बालआरोग्य या त्यातल्याच शाखा आहेत. विद्यापीठ आहे वणी-दिंडोरी रस्त्यावर, आणि वणीकडूनच पुढे बोरगावमार्गे सुरगाण्याला जाता येते. दरवर्षी काही विद्यार्थिनींनी प्रबंधासाठी या तालुक्यातले पाडे निवडावेत, मार्गदर्शकांनी त्यांना तिथे पाठवावे, आणि निष्कर्ष आधी सुरगाण्याच्या ग्रामीण रुग्णालयात, तिथल्या सिस्टर आणि आशाताईंसमोर, मराठीत मांडले जावेत.