तीनशे किलोमीटर आतला समुद्र

धाराशिवच्या आठवडी बाजारात समुद्र पोत्यातून येतो: सुकट, बोंबील, खडेमीठ. जिवंत समुद्र इथून सरळ रेषेत मोजला तरी तीनशे किलोमीटर पश्चिमेला. मधे सह्याद्री आडवा, आणि आपण समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटरवर, बालाघाटच्या पठारावर. अशा गावात घरच्या टाकीत मॅन्टिस श्रिम्प पाळता येईल का? येईल. पण त्या प्राण्याला खाऊ घालणे, त्याच्यापासून बोटे सांभाळणे, हे त्यातले सोपे काम. अवघड काम म्हणजे बोअरच्या पाण्याच्या गावात समुद्र तयार करणे आणि तो समुद्र मे महिन्यातून पार नेणे. म्हणून इथे प्राण्यापेक्षा पाण्याबद्दलच जास्त सांगणार आहे.

तरी आधी प्राण्याची ओळख हवी. नावात श्रिम्प असले तरी ही कोळंबी नव्हे. कोळंबी, खेकडा, शेवंड ही एका गणातली भावंडे. मॅन्टिस श्रिम्पचा गण वेगळा, स्टोमॅटोपोडा. तुरीच्या शेंड्यावर पुढचे पाय दुमडून बसलेला प्रार्थनाकीटक, इंग्रजीत मॅन्टिस, तुम्ही पाहिला असेल. हा प्राणीही आपले शिकारीचे पाय तसेच छातीशी दुमडून बसतो, म्हणून हे नाव. यांच्यात दोन घराणी आहेत. एक भालेवाले: पायांना काटे, मुक्काम वाळूत किंवा चिखलात, शिकार मासे आणि कोळंबी. दुसरे हातोडेवाले: पायाचे कोपर फुगून गदेसारखे झालेले, मुक्काम खडकाच्या भोकात, शिकार शंख, शिंपले, खेकडे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ट्रॉलरच्या जाळ्यात जो ढिगाने येतो तो ओरॅटोस्क्विला नेपा, म्हणजे भालेवाला. त्याला फारसा भाव नसतो, बराचसा माल खतात किंवा खाद्यात जातो. तो स्वस्तात मिळेल म्हणून टाकीत आणू नका. जाळ्यात चेंगरलेला जीव टिकत नाही, आणि त्याला खोल चिखलाचे बीळ लागते. घरी पाळायचा तो हातोडेवाल्यांपैकी गोनोडॅक्टिलस कुळातला, बोटभर लांबीचा. व्हिडिओत दिसणारा रंगीबेरंगी मोर मॅन्टिस, म्हणजे ओडोंटोडॅक्टिलस सायलॅरस, वीतभर होऊ शकतो. त्याला टाकी मोठी लागते आणि पाण्यातली चूक त्याला सोसत नाही. पहिला प्राणी लहानच असावा, या मतावर मी ठाम आहे.

हातोड्याचे काम कसे चालते ते समजून घेतले की टाकीची रचना आपोआप कळते. नुसत्या स्नायूच्या जोरावर कोणताही प्राणी पाण्यात इतका वेगवान फटका मारू शकत नाही. इथे युक्ती गलोलीची आहे. गलोलीचे रबर आपण सावकाश ताणतो, सोडतो मात्र क्षणात. मॅन्टिस श्रिम्प आधी खटका लावून पाय अडकवतो, मग स्नायू सावकाश आवळून पायाच्या कवचातला घोड्याच्या खोगिरासारखा भाग दाबत नेतो. खटका सुटला की ती सगळी साठलेली ताकद एकदम गदेत उतरते. २००४ साली संशोधक शीला पटेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने मोर मॅन्टिसचा फटका मोजला: सेकंदाला २३ मीटरपर्यंत, म्हणजे ताशी ८० किलोमीटरच्या वर, तेही पाण्यात. इतक्या वेगाने पाणी फाटते, पोकळ बुडबुडे तयार होतात, ते मिटताना पुन्हा दणका बसतो. एका फटक्यात शंखाला दोन मार. गदा स्वतः फुटत नाही, कारण तिचा बाहेरचा थर आपल्या दातांत असतो त्याच जातीच्या खनिजाचा असतो, आणि आतले तंतू थरागणिक थोडे थोडे फिरवून रचलेले असतात. त्यामुळे तडा सरळ आरपार जात नाही.

यावरून लोकांना पहिली भीती वाटते ती काचेची. इंग्लंडमधल्या ग्रेट यारमथच्या मत्स्यालयात १९९८ साली एका मॅन्टिस श्रिम्पने टाकीची काच तडकवली होती, पण असे प्रसंग दुर्मीळ आहेत. लहान जातीसाठी ६ ते ८ मिलिमीटरची काच पुरते. सर्वांत जास्त ठोके तळाला बसतात, कारण तो बीळ उकरतो. म्हणून वाळूखाली अॅक्रिलिकची जाड शीट अंथरा. बिळासाठी आपल्याकडे सोन्यासारखी वस्तू गल्लोगल्ली मिळते: पीव्हीसी पाइप. प्राणी आत वळू शकेल एवढ्या व्यासाचा, त्याच्या लांबीच्या दुप्पट-तिप्पट तुकडा घ्या, दोन एल्बो लावून दोन्ही तोंडे वर आणा आणि मधला भाग वाळूत पुरा. त्याला ते बीळ लगेच पटते. पुढे कधी टाकी साफ करायची किंवा त्याला हलवायचे झाले तर दोन्ही तोंडे झाकून पाइपसकट उचलता येते. उघडा हात पाण्यात कधीच घालू नका. लहान जातीसुद्धा बोट फोडतात. टाकीत दुसरा कोणताही जीव नको. तो मासा असो वा खेकडा, आज ना उद्या खाद्यच होतो.

आता पाणी. लहान जातीला ६० लिटर पुरतात, पण मी १०० लिटर घ्या म्हणेन. पाणी जास्त असले की तापमान आणि क्षारता हळू बदलते. आपल्या बोअरचे पाणी जड. त्यात मीठ मिसळून समुद्र होत नाही, कारण त्यातले नको ते क्षार आणि नायट्रेट तसेच राहतात. आरओचेच पाणी हवे. घरच्या आरओ यंत्रात चवीसाठी थोडे कच्चे पाणी मिसळणारा नॉब आणि खनिजांची नळी असते. पाणी तिच्या आधीच काढून घ्यावे लागते. जारचे पाणी आणायचे तर विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर सोबत न्या. आकडा शून्याजवळ यायला हवा, त्यासाठी आरओनंतर उरलेले क्षार धरून ठेवणारी डीआय रेझिनची एक नळी जोडतात. आरओ एका लिटरामागे दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकतो. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते तिथे ते गटारात जाऊ देणे मला मान्य नाही; भांडी, फरशी, संडास यासाठी ते साठवा.

समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात सोडियम आणि क्लोराइड सर्वाधिक, पण मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेटही असतात, आणि कवच बांधायला नेमके तेच लागतात. म्हणून स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. मत्स्यालयासाठी बनवलेले समुद्री मीठच घ्यावे. १०० लिटरला साधारण पावणेचार किलो लागते. वेगळ्या बादलीत, पंप चालू ठेवून, दिवसभर विरघळू द्या. मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या. विशिष्ट गुरुत्व १.०२५ आले की झाले.

मीठ विरघळले तरी टाकी अजून मेलेली असते. प्राण्याच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो आणि तो विष आहे. शेतकऱ्याला हे चक्र ठाऊक आहे: शेतात युरिया टाकला की जमिनीतले जिवाणू अमोनियाचे आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. टाकीतही तेच जिवाणूंचे कुळ काम करते. फरक एवढाच की काळ्या मातीत ते आधीपासून असतात, टाकीत वाढवावे लागतात. सच्छिद्र सिरॅमिकचे तुकडे फिल्टरमध्ये भरा, सोललेल्या कोळंबीचा एक तुकडा पाण्यात कुजू द्या, आणि चार ते सहा आठवडे थांबा. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसू लागले की जिवाणू बसले. परदेशात या कामासाठी समुद्रातला जिवंत प्रवाळखडक वापरतात. आपल्याकडे तो मार्ग धरू नका: प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि कुणी गुपचूप आणून देतो म्हणाला तरी तो गुन्हाच.

मग येतो उन्हाळा, आणि खरी परीक्षा इथेच. या प्राण्याला २४ ते २६ अंश मानवते. धाराशिवात एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो. पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि त्याच वेळी प्राण्याचे शरीर जास्त प्राणवायू मागते. टाकी कुठे ठेवायची, हा म्हणूनच पहिला निर्णय. पत्र्याच्या खोलीत नको, पश्चिमेच्या भिंतीला नको. जुने माळवदाचे घर असेल तर त्याची आतली खोली या कामाला उत्तम. मातीचा जाड धाबा दुपारचे ऊन आत येऊ देत नाही.

त्यानंतर पंखा. माठातले पाणी ज्या नियमाने गार होते त्याच नियमाने टाकी गार करता येते. झाकणाऐवजी बारीक जाळी लावा आणि छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका सोडा. हिशेब असा: एक लिटर पाणी उडून जाताना जी उष्णता नेते तिने १०० लिटर पाणी साडेपाच अंशांच्या आसपास थंड होऊ शकते. खोलीतून उष्णता परत आत येत राहते, म्हणून प्रत्यक्षात उतार तीन-चार अंशांचा मिळतो. मराठवाड्याची कोरडी हवा इथे आपल्या बाजूने असते. कोकणात हाच पंखा निम्मेही काम करणार नाही. पण पाणी उडते, मीठ उडत नाही. तीन लिटर कमी झाले तर क्षारता ३५ वरून ३६ च्या वर जाते. म्हणून रोज सकाळी काचेवर खूण केलेल्या रेषेपर्यंत साधे आरओचे पाणी घाला, खारे घालू नका. खोली ३० अंशांच्या वर राहत असेल तर पंख्याने भागत नाही. पाणी गार करणारे यंत्र, म्हणजे चिलर, घ्यावे लागेल, आणि तो सर्वांत महाग खर्च आहे. टाकी, मीठ, फिल्टर यांच्या आधी चिलरचे पैसे बाजूला काढा.

वीज जाणार हे गृहीत धरा. फिल्टर बंद पडला तर जिवाणू आणि प्राणी दोघेही गुदमरू लागतात. बॅटरीवर चालणारा एअर पंप टाकीशेजारी तयार ठेवा. चिलर घरच्या इन्व्हर्टरवर फार वेळ चालत नाही. फ्रीजरमध्ये पाण्याच्या दोन बंद बाटल्या कायम गोठवून ठेवा आणि गरज पडल्यास एकेक करून तरंगत सोडा, म्हणजे तापमान हळूहळू उतरेल.

आता विषांबद्दल, आणि हे आपल्या जिल्ह्यात विशेष जपायचे. मॅन्टिस श्रिम्पचे रक्त प्राणवायू वाहण्यासाठी तांबे वापरते, तरीही पाण्यात मिसळलेले तांबे त्याला मारते. तांब्याच्या हंड्यातले पाणी नको, तांबे असलेली माशांची औषधे नकोत. द्राक्षबागेत मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण फवारून आलेला हात धुतल्याशिवाय टाकीजवळ नको. कीटकनाशके तर आणखी वाईट, कारण कीटक आणि हा प्राणी दोघेही संधिपादच. एकाला मारणारे दुसऱ्यालाही मारते. डासांची कॉइल आणि प्लगमध्ये लावायचे लिक्विड यांतही तीच रसायने असतात, आणि एअर पंप खोलीतली हवा थेट पाण्यात ढकलतो. टाकीच्या खोलीत मच्छरदाणी वापरा.

खाणे आठवड्यातून दोन-तीनदा. कवचाचे खाद्य हवेच, कारण फोडणे हा त्याच्या जगण्याचा भाग आहे. मोठ्या शहरातल्या मासळी बाजारातून तिसऱ्या आणि सालासकट कोळंबी आणून फ्रीजरमध्ये ठेवता येते. शेतातल्या गोगलगायी मात्र देऊ नका. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड आणि आपल्या जिल्ह्यात त्यांनी सोयाबीनचे कोंब फस्त केले, तेव्हापासून बांधाबांधावर गोगलगायींसाठी विषारी आमिष टाकले जाते. ते खाल्लेली गोगलगाय टाकीत विष घेऊनच येईल. खाद्य चिमट्याने द्या आणि त्याचे डोळे पाहा. देठावरचे दोन्ही डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरतात, आणि एकेक डोळा एकट्याने अंतर मोजू शकतो. रंग टिपणाऱ्या पेशी आपल्याकडे तीन प्रकारच्या, त्याच्याकडे बारा. तरी जवळजवळचे दोन रंग वेगळे ओळखण्यात तो आपल्यापेक्षा कच्चा निघाला, असे २०१४ साली प्रयोगात दिसले. काचेपलीकडून तो तुम्हाला न्याहाळतो, आणि काही आठवड्यांत खाद्य देणाऱ्याची चाहूल लागताच पाइपच्या तोंडाशी येऊन बसतो.

दर काही महिन्यांनी तो खाणे सोडेल, बिळाचे तोंड वाळू-खड्यांनी बुजवेल आणि दिसेनासा होईल. मेला समजून उकरू नका. तो कात टाकतो आहे. नवे कवच आणि नवी गदा कडक व्हायला दिवस लागतात, त्या काळात तो स्वतःचे रक्षण करू शकत नाही. बाहेर पडलेली रिकामी कात हुबेहूब मेलेल्या प्राण्यासारखी दिसते, त्यानेही घाबरू नका. खाद्य थांबवा, पाणी स्थिर ठेवा, उजेड मंद ठेवा.

प्राणी मुंबई-पुण्याहून येणार, म्हणजे रात्रभर पिशवीत. पिशवी टाकीत अर्धा तास तरंगू द्या, मग तो प्राणी पिशवीतल्या पाण्यासकट बादलीत घ्या आणि बारीक नळीला गाठ मारून टाकीचे पाणी तासभर थेंब थेंब सोडा. ठिबकवर बाग जगवणाऱ्या माणसाला हे वेगळे शिकवावे लागत नाही.

पण त्या रात्रीच्या गाडीची घाई करू नका. गुढीपाडव्याला टाकी भरा, मीठ घाला, जिवाणू बसवा आणि टाकी रिकामीच चालू ठेवा. रोज दुपारी चार वाजता पाण्याचे तापमान आणि क्षारता वहीत लिहा, वीज किती वेळ गेली तेही लिहा. मृग लागला की वही उघडा. पाण्याचा पारा एकदाही २८ च्या वर गेला नसेल तर दुकानदाराला फोन करा. गेला असेल तर यंदा प्राणी आणू नका.