सायकलचा अपघात आणि विम्याची भरपाई

दिवाळीच्या सुट्टीत मी जयपूरला घरी होतो. एका संध्याकाळी जवाहर सर्कलवरून जवाहरलाल नेहरू मार्गाने परतताना डावीकडे वळणाऱ्या मोटारीने माझ्या सायकलला धडक दिली. हेल्मेटमुळे डोके वाचले, कोपर खरचटले. पुढचे चाक मात्र वाकले होते. चालकाने हजार रुपये पुढे केले. मी घेणारच होतो, पण आधी बाबांना फोन केला. ते म्हणाले, "पैसे घेऊ नकोस. गाडीचा नंबर लिहून घे, फोटो काढ. मी निघालोच."

हे किती योग्य होते ते दुसऱ्या दिवशी कळले. दुकानदाराने फ्रेमला गेलेला तडा दाखवला. दुरुस्ती हजारात भागणारी नव्हती.

सायकल कायद्याने मोटार वाहन नाही, म्हणून तिचा विमा सक्तीचा नाही. तरी भरपाईचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग मोटारीच्या विम्याचा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार खासगी मोटारीला त्रयस्थ व्यक्तीसाठीचा विमा सक्तीचा आहे. रस्त्यावरचा सायकलस्वार हा असाच त्रयस्थ. त्याच्या इजेबरोबर सायकलच्या नुकसानीचीही भरपाई मागता येते. त्यासाठी पोलिसांत नोंद करून मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे सहा महिन्यांच्या आत अर्ज करायचा असतो. अपघात जिथे झाला तिथे किंवा आपण राहतो तिथे तो करता येतो. म्हणजे परगावी अपघात झाला तरी गावाकडून दावा लावता येतो.

दुसरा मार्ग आपल्या स्वतःच्या विम्याचा. घरासाठीच्या काही पॉलिसींमध्ये सायकलसाठी वेगळा भाग असतो. बाबांच्या पॉलिसीत तो होता. रक्कम लहान असल्याने आम्ही हाच मार्ग धरला. एकाच नुकसानीची भरपाई दोन्हीकडून घेता येत नाही.

कंपनीला लगेच कळवले. दाव्याच्या अर्जासोबत खरेदीची पावती, फोटो, पोलिसांतील नोंदीची प्रत आणि दुकानदाराचे खर्चाचे अंदाजपत्रक जोडले. कंपनीचा माणूस पाहून जाईपर्यंत सायकल दुरुस्तीला दिली नाही, मोडके भागही टाकले नाहीत.

अर्जात एक रकाना होता: अपघात कसा झाला? माझ्या सायकलचा मागचा दिवा त्या संध्याकाळी बंद होता. ते लिहिले तर दावा फेटाळतील अशी भीती वाटली. मी बाबांकडे पाहिले. ते एवढेच म्हणाले, "रिपोर्टमध्ये घडले तेच लिहायचे." मी लिहिले. सायकलच्या वयानुसार घसारा वजा करून कंपनीने उरलेली रक्कम दिली. न्यायाधिकरणापुढे मात्र आपली चूक सिद्ध झाली, तर भरपाई त्या प्रमाणात कमी होते. खोटी माहिती दिली तर सगळाच दावा बुडू शकतो.

आपल्या कंपनीने दावा नाकारला, किंवा लेखी तक्रारीला महिनाभर उत्तर दिले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे शुल्क लागत नाही. जयपूर, मुंबई आणि पुणे येथे लोकपालांची कार्यालये आहेत.

मित्रांनो, सायकलची पावती जपून ठेवा आणि घरच्या पॉलिसीत सायकल आहे का, ते एकदा आईबाबांना विचारा. मिळालेल्या पैशांतून मी सर्वांत आधी मागचा दिवा बसवला.