शिंगरांचा हिवाळा आणि बंद तबेला

दत्त जयंतीला नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो. वरातीची घोडी ठेवणारे काही बेपारी तेथून तयार जनावर न घेता दोन-चार शिंगरे एकदम आणतात. हिशेब सरळ असतो. आज भांडवल कमी लागते आणि तीन-साडेतीन वर्षांत घोडी कामाची होते. परंतु पुष्कळदा पहिल्याच हिवाळ्यात नुकसान येते, आणि त्याचे कारण थंडी क्वचित असते. थंडीच्या धास्तीने बंद केलेला तबेला हेच कारण असते.

काही वर्षांपूर्वी विरार पूर्वेच्या एका ओळखीच्या गृहस्थांनी चार शिंगरे आणली. वारा अडवायला त्यांनी माझ्याकडे कापड मागितले. मी जाड प्लॅस्टिकची ताडपत्री दिली, त्यांनी ती चहूबाजूंनी जमिनीपासून पत्र्यापर्यंत बांधली. पंधरा दिवसांत चारही शिंगरे खोकू लागली, एक गेले. डॉक्टरांनी सुई टोचण्याआधी ताडपत्रीचा वरचा भाग कापायला लावला. माल माझाच होता, म्हणून ही गोष्ट मला विसरता येत नाही.

घडते असे. मूत्रातून अमोनिया वायू निघतो. तो जमिनीलगत जास्त असतो आणि शिंगरे बराच वेळ आडवी असतात. श्वासाची वाफ पत्र्याला लागून खाली ठिबकते. अशा ओल्या, कोंदट हवेत फुप्फुसाचा आजार लवकर धरतो. गोदामात गाठी कोंडल्या की बुरशी धरते, हे आपल्या कापडवाल्यांना ठाऊक आहे; येथे तर जीव आहे. पारख सोपी: पहाटे तबेल्यात गुडघ्यावर बसा. डोळे चुरचुरले तर हवा वाईट आहे. अंगावर थेट झोत येऊ नये एवढा आडोसा खाली ठेवावा, वरचा भाग मोकळा सोडावा. पेंढ्याचे अंथरूण रोज कोरडे करावे.

धडधाकट मोठा घोडा सुमारे 5 अंश सेल्सिअसपर्यंतची थंडी सहज सोसतो. शिंगराला थोडी अधिक ऊब लागते, पण विरारची रात्र एवढी गार नसतेच. झुली विकणे माझा धंदा आहे, तरी सांगतो: कळपातल्या शिंगरांना झूल घालू नका. ती एकमेकांची झूल ओढतात, पाय अडकतो, आणि भिजलेली झूल तर उघड्या अंगापेक्षा वाईट. खरी ऊब वैरणीची. सुका चारा पोटात आंबताना अंगात उष्णता तयार होते, म्हणून रात्री चारा जास्त टाकावा. धूळ असेल तर पाणी शिंपडावे, बुरशीचा चारा मुळीच घालू नये.

आईपासून तोडलेले शिंगरू एकटे ठेवले तर खिंकाळत फिरते, खात नाही. सोबत हवीच. परंतु सोबती सारख्या वयाचे व अंगाचे असावेत. कळपात एखादे दांडगे निघतेच, म्हणून चार शिंगरांना पाच ठिकाणी, अंतराने चारा टाकावा. दुबळे कोंडले जाईल असा अरुंद कोपरा ठेवू नये. वर्षाची झाली की नर व माद्या वेगळ्या कराव्यात. नालबंदाकडून दीड-दोन महिन्यांनी खूर छाटून घ्यावेत. नाल ठोकण्याची घाई नको, लाथ बसली तर लोखंड हाड मोडते.

बाजारातून आणलेले जनावर दोन-तीन आठवडे जुन्यांपासून वेगळे ठेवावे, बादलीसुद्धा वेगळी. घशाखाली गाठ सुजणे, नाकातून पू येणे ही धोक्याची खूण. 2006 साली महाराष्ट्रात ग्लँडर्स हा रोग आढळला होता. तो माणसालाही लागतो, आणि तपासणीत पक्का ठरला तर जनावर मारावे लागते. म्हणून सौदा करताना रक्ततपासणीचा दाखला मागावा. विकणारा कुरकुरला तर सौदा सोडावा.

त्या गृहस्थांच्या उरलेल्या तीन शिंगरांपैकी दोन आज वरातीत चालतात, तिसरे त्यांनी विकले. तबेल्याला आता कमरेइतकी भिंत आहे, वर काही नाही. ताडपत्री त्यांनी पेंढ्याच्या ढिगावर टाकली आहे.