फोन तुमचा, पण त्यातलं सॉफ्टवेअर कोण ठरवतं?

रत्नागिरीतली डोंगरउतारावरची वाडी असो की मुंबईतली वस्ती, अंगणवाडीतल्या मुलांची वजन-उंची आणि आहार यांची नोंद 'पोषण ट्रॅकर' या केंद्र सरकारच्या ॲपमध्ये होते. ॲप कसं असावं, कधी बदलावं हे दिल्लीत ठरतं. ते चालवायचं मात्र सेविकेच्या हातातल्या फोनवर. दोन्हींचा मेळ बसला नाही तर काय होतं, हे महाराष्ट्राने २०२१ मध्ये पाहिलं.

तेव्हा काय झालं?

राज्यातल्या सेविकांना सरकारने मोबाइल दिले होते. त्यांची रॅम २ जीबी होती. आधी नोंदी 'कॅस' ॲपमध्ये व्हायच्या. मार्च २०२१ मध्ये त्याच्या जागी पोषण ट्रॅकर आलं. जुने फोन हँग होतात, तापतात, नवं ॲप त्यात नीट चालत नाही आणि ते इंग्रजीत आहे, अशा तक्रारी सुरू झाल्या. अखेर ऑगस्टमध्ये सेविकांनी हे मोबाइल सरकारला परत करण्याचं आंदोलन केलं.

असं का होतं?

फोनची रॅम आणि प्रोसेसर तुम्ही तो विकत घेता त्याच दिवशी ठरतात. ॲप आणि ऑपरेटिंग सिस्टीम मात्र नव्या फोनचा विचार करून वाढत जातात. मोठ्या कंपन्यांचे महागडे फोनही यातून सुटलेले नाहीत. अपडेटमुळे जुने फोन मंदावले आणि ग्राहकांना त्याची पुरेशी कल्पना दिली नाही, म्हणून इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने २०१८ मध्ये ॲपलला १ कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरो दंड ठोठावला.

मग अपडेट बंदच करावेत का?

नाही. सुरक्षेचे अपडेट चोरवाटा बुजवतात. फोनवर बँक आणि यूपीआय असेल तर ते टाळणं धोक्याचं आहे. नवी फीचर्स आणणारा मोठा अपडेट मात्र थोडं थांबून घेता येतो. तो एकदा घेतला की मागे फिरणं बहुतेकांना जमत नाही.

तुमच्या हातात काय आहे?

- प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये ॲपचे ऑटो-अपडेट बंद करता येतात किंवा फक्त वायफायवर ठेवता येतात.
- एखाद्याच ॲपचा ऑटो-अपडेट थांबवायचा असेल तर त्या ॲपच्या पानावर वरच्या तीन टिंबांमध्ये तो पर्याय मिळतो.
- मोठ्या अपडेटआधी फोटो आणि कागदपत्रांचा बॅकअप घ्या, फोनमध्ये मोकळी जागा ठेवा.
- त्याच मॉडेलच्या इतर ग्राहकांचा अनुभव आधी वाचा.

युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नवा नियम आहे. एखाद्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान ५ वर्षं त्याच्या ऑपरेटिंग सिस्टीमचे अपडेट मिळाले पाहिजेत. तुम्ही पुढचा फोन घ्याल तेव्हा कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे विचाराच, पण 'सुरक्षेचे अपडेट किती वर्षं मिळणार?' हेही विचारा.